चौथ्या तासानंतर सात नंबर रिकामी

शाळेत अशी बातमी आहे की जुन्या इमारतीला निरोप द्यायच्या दिवशी वेळापत्रकबाईंनी चौदा नंबरच्या वर्गाच्या भिंतीला मिठी मारली आणि हंबरडा फोडला.

बातमीच्या तीन आवृत्त्या निघाल्यात. पाचवीत बाई नुसत्याच रडल्या. आठवीपर्यंत पोचेस्तोवर त्यांनी भिंतीवर डोकं आपटलं. दहावीत पोचली तेव्हा त्यांना दोघांनी धरून बाहेर आणावं लागलं आणि त्यांच्या मुठीत भिंतीचा पोपडा होता. तो पोपडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले सतरा जण आहेत. त्यातले अकरा त्या दिवशी गैरहजर होते. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तर कुणीतरी बाईंचा फोटो टाकून ‘असे शिक्षक आता उरले नाहीत’ असं लिहिलं आणि खाली मेणबत्ती लावली. संध्याकाळी घरी फोन आला.

"बाई कधी गेल्या हो?"

"अजून नाही गेले," बाई म्हणाल्या. "तुझी कुठली तुकडी?"

फोन बंद झाला. पंधरा वर्षांपूर्वी शाळा सोडलेला माणूस, पण तुकडी विचारल्यावर अजून पळतो.

आता खरं काय झालं ते सांगायला हवं, कारण ते कुणीच सांगत नाही. रडण्यापेक्षा खरं जरा कमी गोड आहे.

निरोपाचा कार्यक्रम नव्याने आलेल्या अपडेट सरांनी संगणकावर आखला होता. बावीस तुकड्या, प्रत्येक तुकडीला आठ-आठ मिनिटं, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं, भिंतींकडे बघायचं, ‘भावपूर्ण शांतता’ पाळायची आणि पुढे सरकायचं. कागदावर इतकं देखणं होतं की मोठ्या सरांनी ते लॅमिनेट करून घेतलं. फक्त एक गोष्ट कागदावर नव्हती. जुन्या इमारतीला जिना एकच, आणि तो असा की दोन दप्तरं समोरासमोर आली तर एकाला माघार घ्यावीच लागते. सव्वादहाला सहा तुकड्या भावपूर्ण अवस्थेत वर निघाल्या. त्याच क्षणी पाच तुकड्या तितक्याच भावपूर्ण अवस्थेत खाली निघाल्या. मधल्या वळणावर दोन्ही भावना एकमेकींना भिडल्या आणि तिथेच अडकल्या.

तीनशे मुलं, कॅमेरे घेऊन आलेले वीस-पंचवीस माजी विद्यार्थी आणि नवव्या पायरीवर माईक हातात धरलेले मोठे सर. माईक हातात आहे आणि समोर माणसं हलत नाहीत, अशी संधी मोठ्या सरांना आयुष्यात प्रथमच मिळत होती. त्यांनी भाषण तिथेच सुरू केलं.

"एका अर्थाने," मोठे सर म्हणाले, कारण त्यांच्या भाषणातलं प्रत्येक वाक्य एका अर्थाने सुरू होतं आणि पुढे त्याला एकही अर्थ उरत नाही, "एका अर्थाने, ही नुसती इमारत नव्हे. एका अर्थाने, ही आपली आई आहे."

याच आईला मोठे सर आठ वर्षं ‘हा सापळा’ म्हणत आले होते. संस्थेला लिहिलेल्या पत्रांत तिचे ‘धोकादायक’, ‘कालबाह्य’ आणि ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ असे उल्लेख आहेत. पण आई घरातून निघायला लागली की सगळेच सुपुत्र होतात.

वेळापत्रकबाई तेव्हा चौदा नंबरमध्ये खडूंची खोकी बांधत होत्या. निरोपाच्या आखणीत त्यांना तेवढंच काम दिलं होतं. चौदा नंबरची आतली भिंत म्हणजे जिन्याची पाठ. जिन्यावरचा आवाज ऐकून त्यांना काय झालंय ते कळलं, पण कोण कुठे अडकलंय ते कळेना. म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरून भिंतीला कान लावला. ही ती मिठी. खालचे रेटतायत आणि वरचे वळणावर तुंबलेत एवढं पावलांवरून कळल्यावर त्या बाकावर चढल्या, झरोक्याला तोंड लावलं आणि ओरडल्या, "वरचे खाली बसा! जागच्या जागी! बसा म्हणते ना! खालचे, पाठ फिरवा आणि मैदानात चला!"

हा तो हंबरडा.

तीन मिनिटांत जिना मोकळा झाला. नवव्या पायरीवर मोठे सर आणि माईक एवढेच उरले. बाईंच्या डोळ्यांत झरोक्यातला चुना गेला होता, त्यामुळे पाणी येत होतं हे खरं. पोपडाही खरा, पण तो केसांत होता. मुठीत खडूचं खोकं होतं.

त्या रडल्या का नाहीत, असं कुणी विचारेल. त्या आखणीत बाईंना रडायला आठ मिनिटं दिलेली नव्हती.

वेळापत्रकबाई शाळेत बाई आणि घरी माझी आत्या. ती आमच्याकडे राहते असं आम्ही म्हणतो. आम्ही तिच्याकडे राहतो असं ती म्हणते. बाबा तिचा धाकटा भाऊ, त्यामुळे या वादाचा निकाल त्याच्या जन्माआधीच लागलेला आहे.

ती सव्वीस वर्षांपूर्वी गणित शिकवायला लागली तेव्हा शिक्षकखोलीत सगळ्यात लहान तीच होती. शाळेत सगळ्यात लहान शिक्षकाला सगळे मिळून प्रेमाने एक भेट देतात, ती म्हणजे जे काम कुणालाच नको ते. आधीच्या वेळापत्रकाच्या सरांनी तिच्या हातात एक वही ठेवली, डोक्यावर हात ठेवला आणि त्याच दिवशी दीर्घ रजेवर गेले. वहीच्या पहिल्या पानावर ‘देव तुझं भलं करो’ असं लिहिलं होतं. बाकीची पानं कोरी होती.

तेव्हापासून शाळा उघडायच्या आधीचे दहा दिवस आमच्या गॅलरीत कपडे वाळत नाहीत. गॅलरीत सहा दोऱ्या बांधलेल्या असतात, सहा वारांच्या. दोऱ्यांवर कपड्यांच्या चिमट्यांनी हजारावर चिठ्ठ्या लटकत असतात. गणित निळं, भाषा पिवळी, विज्ञान हिरवं, चित्रकला जो रंग उरेल तो. आत्या तोंडात दोन चिमटे धरून दोऱ्यांखालून वाकून फिरते आणि एक निळी चिठ्ठी मंगळवारवरून गुरुवारवर नेते. मग तिच्या पायी चाळीस चिठ्ठ्यांना घर सोडावं लागतं.

"ताई, माझा एकच शर्ट आहे गं," बाबा दारातून म्हणतो. "ओला."

"आठवी ब लागली की सांगते."

"आठवी ब कधी लागेल?"

"भूगोलाच्या सरांचे गुडघे काय म्हणतात त्यावर आहे."

बाबा शर्ट खुर्चीवर पसरतो. दहा दिवस गॅलरीची खिडकी उघडायची नाही, पंखा लावायचा नाही आणि जोरात शिंकायचंही नाही. एकदा बाबा शिंकला होता. त्या वर्षी सहावी क ला शनिवारी सलग तीन तास गणित होतं. ती मुलं आता मोठी झाली असतील. त्यातलं कुणी गणिताकडे वळलं असेल असं मला वाटत नाही.

बाहेरच्याला वाटेल, बावीस तुकड्या, आठ तास, त्यात काय एवढं? एवढं हे, की जुन्या इमारतीची प्रत्येक खोली आजारी होती आणि प्रत्येकीचं दुखणं वेगळं. सात नंबरमध्ये चौथ्या तासानंतर ऊन थेट फळ्यावर यायचं. तिसऱ्या बाकापासून मागच्यांना फळ्याच्या जागी आरसा दिसायचा. म्हणून सात नंबर चौथ्या तासानंतर रिकामी. अकरा नंबरच्या भिंतीपलीकडे पत्रे ठोकणाऱ्याचं दुकान. तो सकाळी दोन तास जीव तोडून ठोकायचा आणि मग चहाला जायचा. म्हणून अकरा नंबरमध्ये पहिले दोन तास चित्रकला, कारण चित्रकलेत कुणी कुणाचं ऐकत नाही. तीन नंबरचं दार बंद झालं की आतून उघडायचं नाही, म्हणून तिथे शेवटचा तास कायम सावधान सरांचा. सावधान सर कवायत शिकवतात आणि त्यांना खांदे आहेत. शाळा सुटली की ते "एक, दोन!" म्हणायचे आणि तीनला वर्ग बाहेर.

शिवाय भूगोलाच्या सरांना लागोपाठ दोन तास माडीवर द्यायचे नाहीत. शिवाय विज्ञानाच्या आणि भाषेच्या बाई अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून त्यांना एकाच वेळी मोकळा तास द्यायचा नाही. त्या का बोलत नाहीत हे त्या दोघीही विसरल्यात. पण वेळापत्रक विसरलेलं नाही.

हे सगळं आत्याच्या डोक्यात. कुठेही लिहिलेलं नाही. सव्वीस वर्षं दर वर्षी तिने एक मोठा कागद शिक्षकखोलीत लावला, आणि दर वर्षी सगळ्यांनी तो बघून "माझाच शनिवार का?" असं विचारलं. बाकी कुणी काही विचारलं नाही. शाळा चालते म्हणजे ती आपोआप चालते, असं चालणाऱ्या शाळेतल्या प्रत्येकाला वाटतं.

मग नवी इमारत तयार झाली, आणि तिच्याबरोबर अपडेट सर आले.

अपडेट सर संगणक शिकवतात. वय सव्वीस, म्हणजे आत्याच्या वेळापत्रकाएवढं. त्यांचं बोलणं ‘बेसिकली’ने सुरू होतं आणि ‘सिस्टीम घेईल बघून’ने संपतं. वर्गातला पंखा बंद पडला तरी सिस्टीम घेईल बघून. शाळा हलायच्या दोन महिने आधी त्यांनी शिक्षकसभेत पडद्यावर रंगीत चौकटी दाखवल्या.

"बेसिकली, बाईंची गेल्या दहा वर्षांची वेळापत्रकं आपण यंत्राला दिली. यंत्र ती वाचतं, त्यातून शिकतं आणि चार मिनिटांत नवं काढतं."

"चार मिनिटांत!" मोठे सर म्हणाले. "आणि बाईंना दहा दिवस लागायचे. एका अर्थाने, बाई, तुम्ही आता मोकळ्या."

सभेने टाळ्या वाजवल्या. सावधान सरांनी जरा जास्तच, कारण त्यांना टाळ्याही कवायतीसारख्या वाजवायची सवय आहे.

आत्या म्हणाली, "बरं."

ज्यांना आत्या माहीत नाही त्यांना हे होकारासारखं वाटलं असेल. आमच्या घरी ‘बरं’ म्हणजे काय ते भांडी सांगतात. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातली एकूण एक पातेली तिने घासली, धुतलेलीसुद्धा. मग गॅलरीत जाऊन सहाही दोऱ्या सोडल्या, चिमटे एका डब्यात भरले आणि डब्यावर झाकण दाबलं. नीट बसेना, म्हणून परत दाबलं.

"ताई, मग आता मी शर्ट..." बाबा म्हणाला.

"घाल की. तुझीच गॅलरी आहे."

सव्वीस वर्षांत तिने पहिल्यांदा गॅलरी बाबाची आहे असं कबूल केलं. बाबाने घाबरून शर्ट खुर्चीवरच वाळवला.

गणिताच्या बाया गल्लोगल्ली मिळतात. आत्या स्वतःच म्हणते. पण आजारी इमारतीला बावीस तुकड्यांसकट रोज साडेपाचपर्यंत चालवून दाखवणारी एकच होती, आणि तिला आता खडूंची खोकी बांधायला दिली होती. नव्या शाळेत आपण नुसत्याच एक बाई असणार, एवढंच तिला खुपत होतं. ती तसं म्हणाली नाही. पातेली म्हणाली.

नवी इमारत देखणी आहे, हे मान्य करायला हवं. तीन मजले, दोन रुंद जिने, लिफ्ट आणि अठरा वर्गखोल्या. खरं तर एकवीस निघाल्या असत्या, पण तिघींच्या जागेवर मोठ्या सरांचं ‘चिंतन दालन’ झालं. त्यात सध्या एक सोफा चिंतन करतो. बाकी चार तुकड्यांनी दर तासाला प्रयोगशाळा, वाचनालय आणि मैदान यांत मावायचं. म्हणजे प्रत्येक खोली भरली तरच गणित सुटतं.

पहिल्या सोमवारी यंत्राचं वेळापत्रक पडद्यावर झळकलं. चौथ्या तासापर्यंत सगळं सुरळीत चाललं, एवढंच की अकरा नंबरमध्ये पहिले दोन्ही तास चित्रकला होती. पाचव्या तासाला आठवी क ची मुलं दप्तरं घेऊन सात नंबरच्या दाराशी आली. दाराला पाटी होती, ‘उपलब्ध नाही’. आत कुणी नव्हतं. नवेकोरे बाक, नवाकोरा फळा आणि ऊन तर औषधालाही नाही, कारण नव्या सात नंबरच्या खिडक्या उलट्या बाजूला आहेत. आठवी क पाचव्या तासापासून आठव्या तासापर्यंत रिकाम्या खोलीबाहेर व्हरांड्यात बसली आणि काचेतून आतले बाक बघत राहिली.

शेवटच्या तासाला तीन नंबरमध्ये नववी अ ला संगीत होतं. शिकवायला सावधान सर.

"सूर... धर!" सावधान सर म्हणाले. वर्गाने धरला. "सूर... सोड!" वर्गाने सोडला. तिथलं दार हात लावल्याबरोबर उघडत होतं, तरी शाळा सुटल्यावर त्यांनी सवयीने खांदा मारला आणि थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेले.

मंगळवारी अकरा नंबरमध्ये परत पहिले दोन तास चित्रकला. बुधवारीही. गुरुवारपर्यंत चित्रकलेचे कागद संपले आणि दहावी ब ने एकमेकांची चित्रं काढायला घेतली, त्यावरून दोन मारामाऱ्या झाल्या. भूगोलाचे सर लिफ्टच्या दारात उभे राहून वर जायला मिळावं म्हणून अर्ज लिहीत होते, कारण यंत्र त्यांना तळमजल्यावरून हलू देईना.

अपडेट सरांनी वेळापत्रक पाच वेळा नव्याने काढलं. पाचही वेळा सात नंबर चौथ्या तासानंतर रिकामी.

"बेसिकली, यंत्राला त्यात काहीतरी शहाणपण दिसतंय," ते म्हणाले. "आपल्याला दिसत नाही, एवढंच."

शुक्रवारी मोठ्या सरांनी आत्याला बोलावलं. त्यांची नवी केबिन काचेची आहे आणि आवाज आतच राहतो असा त्यांचा समज आहे. बाहेर पाण्याच्या नळाशी त्या दिवशी पुष्कळांना तहान लागली होती. मलाही.

"बाई, एका अर्थाने... ही सात नंबर रिकामी का राहते?"

"यंत्राला विचारा."

"यंत्र कारण सांगत नाही," अपडेट सर म्हणाले. पाच दिवसांत त्यांचे डोळे खोल गेले होते. "फक्त उत्तर देतं."

"मग माझी काय चूक?" आत्या म्हणाली. "मीही इतकी वर्षं तेच करत होते. कुणाची तक्रार नव्हती."

मोठे सर छताकडे बघू लागले. अपडेट सर मात्र खुर्ची ओढून तिच्या समोर बसले.

"पण का, बाई? तुम्ही सात नंबर रिकामी का ठेवायचात? मला खरंच कळून घ्यायचंय."

आत्याने चष्मा काढला, पुसला, घातला. मग सांगायला लागली. ऊन, पत्रेवाला, दार, गुडघे, अकरा वर्षांचं भांडण. अपडेट सर संगणक बाजूला ठेवून वहीत हाताने लिहीत होते. दीड तास. मध्ये दोनदा घंटा झाली. विज्ञानाच्या बाई काचेबाहेरून गेल्या तेव्हा आत्याचा आवाज खाली आला आणि मग परत वर गेला. सव्वीस वर्षांत तिला पहिल्यांदा कुणी का म्हणून विचारलं होतं, आणि तिने हातचं काही राखून ठेवलं नाही.

"म्हणजे एका अर्थाने," मोठे सर म्हणाले, "जुनी इमारत आपण इथे घेऊन आलो."

"सगळ्या अर्थांनी, सर."

"मग सोपंच आहे की!" मोठे सर उठून उभे राहिले. "ही सगळी कारणं यंत्रातून काढून टाका. इथे ना ऊन, ना पत्रेवाला. इमारतीत दोषच नाही, मग यंत्र चुकेल कशाला? बाई, तुम्हाला आता खरंच त्रास नको."

अपडेट सरांचं पेन थांबलं. त्यांना आत्ता कळलं की त्यांनी काय विचारलं आणि तिने काय देऊन टाकलं.

आत्या म्हणाली, "सर, मला आठ दिवस इमारत बघू द्या."

"बघायचं काय? नवी आहे."

"म्हणूनच."

"पुढच्या शनिवारपर्यंत बघा," मोठे सर उदार झाले. "एक दोष दाखवा, वेळापत्रक तुमच्याकडे. नाहीतर..." आणि त्यांनी हाताने हवेत खडूचं खोकं बांधल्यासारखं केलं.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "आत्या, काही सापडायचं नाही. मी सगळी इमारत हिंडलेय. पाल नाही तिथे साधी."

"पैज लावतेस?"

"लावते."

शनिवारपर्यंत दोष सापडला नाही, तर आत्याने भर शिक्षकखोलीत मोठ्या सरांची नक्कल करायची, हातवाऱ्यांसकट. सापडला आणि मोठ्या सरांनी तो मान्य केला, तर मी एक पूर्ण दिवस शाळेत माझ्या स्वतःच्या आवाजात बोलायचं. माझी अट तिने सुचवली, कारण शाळेत मी तोंड उघडते ते कुणाची ना कुणाची नक्कल करायलाच. मला ती फारच किरकोळ वाटली.

सोमवारपासून आत्या मोकळ्या तासाला एक स्टूल घेऊन खोल्या हिंडायला लागली. एकेका खोलीत, मागच्या भिंतीशी, गप्प. मंगळवारपासून स्टूल अपडेट सरांनी उचललं. सोमवारी काही नाही. मंगळवारी लिफ्टचा धक्का एका भिंतीला बसतो असं वाटलं, पण तो सावधान सरांचा खांदा निघाला. बुधवारी काही नाही. गुरुवारी ती घरी आली आणि दोन घास खाऊन उठली. गॅलरीत बाबाचे पाच शर्ट वाळत होते. ती त्यांच्याखालून वाकून गेली. वाकायची गरज नव्हती, दोरी आता उंच होती.

मी आरशासमोर उभी राहून मोठ्या सरांचे हातवारे पक्के करत होते, तिला शिकवायला लागले तर असावेत म्हणून.

शुक्रवारी आम्हा दहावीला सोळा नंबरमध्ये तिची गणिताची चाचणी होती. सोळा नंबर इमारतीच्या पोटात आहे, तिला खिडक्या नाहीत, पण दिवे इतके की डोळे दिपतात. बाई चाचणी घेत असल्या की आमचा वर्ग हलत नाही. मान हलत नाही, पाय हलत नाही, शेवटच्या बाकावरच्यांचा श्वाससुद्धा लेखी परवानगीने चालतो. पाच मिनिटं झाली. सहा झाली.

आणि सगळे दिवे गेले.

काळोख. कुणीतरी किंचाळलं आणि बाकावरून उठलं. दिवे आले.

"बसा," आत्या म्हणाली. तिचा आवाज निराळाच होता. "पुढे लिहा. आणि अजिबात हलू नका."

सहा मिनिटांनी परत गेले.

अपडेट सर धावत आले, छताकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "सेन्सर! वीज वाचवायला बसवलाय. बेसिकली, हालचाल दिसली नाही की त्याला वाटतं खोलीत कुणी नाही."

पंधरा दिवस त्या खोलीत तुकड्या बसत होत्या आणि कुणालाही पत्ता लागला नव्हता, कारण या शाळेत सलग सहा मिनिटं हलत नाही असा वर्ग आत्याचाच.

शनिवारी मोठे सर स्वतः बघायला आले. शेवटच्या बाकावर बसले. आम्ही कोरे कागद समोर घेऊन बसलो. आत्या फळ्याशी उभी होती, हात मागे. घड्याळ भिंतीवर होतं आणि मला ते दिसत होतं. चार मिनिटं. पाच. माझं पेन बाकाच्या अगदी कडेला होतं. नुसतं खाली पडलं असतं तरी पुरलं असतं. दिवे राहिले असते, मोठे सर उठले असते, आणि शिक्षकखोलीत हातवाऱ्यांसकट तो सोहळा मला बघायला मिळाला असता. माझ्या नाकाच्या शेंड्याला खाजही सुटली होती.

मी नाक खाजवलं नाही.

काळोख झाला.

"एका अर्थाने..." काळोखातून आवाज आला आणि थांबला. या वेळी एकही अर्थ सापडत नसावा. "अहो, कुणीतरी हला की!"

कुणीही हललं नाही. बाईंनी सांगितलं नव्हतं. शेवटी मोठ्या सरांनी स्वतःच दोन्ही हात डोक्यावर ओवाळले, आणि दिवे आले तेव्हा ते तसेच होते.

"हे दुरुस्त करून घेऊ," हात खाली घेत ते म्हणाले.

"काल फोन केला, सर," अपडेट सर म्हणाले. "ते म्हणाले, सहा महिने तरी लागतील."

"आणि सर, हा फक्त पहिला," आत्या म्हणाली. "इमारत अजून एका उन्हाळ्याचीही झालेली नाही."

मोठ्या सरांनी तिच्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. "घ्या बाई," ते म्हणाले, "वेळापत्रक घ्या." शाळेतल्या त्यांच्या पूर्ण कारकिर्दीत त्यांनी माघार घेतली ती ही एकदाच, आणि तीही ‘एका अर्थाने’ न म्हणता.

सोळा नंबर आठवी क ला मिळाली. जन्मापासून ती मुलं सहा मिनिटं स्थिर बसलेली नाहीत, त्यामुळे तिथे दिवे कायम असतात. त्या रविवारी आमच्या गॅलरीत परत सहा दोऱ्या बांधल्या गेल्या. अपडेट सर तोंडात चिमटा धरून दोऱ्यांखालून वाकून फिरत होते आणि चिमट्यासकट ‘बेसिकली’ म्हणत होते. बाबाने शर्ट मुकाट्याने खुर्चीवर नेला.

आणि मी सोमवारी पैज फेडली. सकाळी शाळेच्या दारातून आत शिरल्यापासून माझ्या स्वतःच्या आवाजात, कुणाचीही लकब न लावता. पहिल्या तासाला भूगोलाच्या सरांनी हजेरी घेतली. माझा नंबर आला.

"हजर," मी म्हटलं.

सरांनी वही खाली ठेवली आणि सगळ्या वर्गावरून नजर फिरवली.

"कोण बोललं ते?"